बेडरूमचा टीव्ही बदलताना: ३२ इंची, ४३ इंची की जुनाच दुरुस्त?

बेडरूमचा टीव्ही बंद पडला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता घेतोच आहोत तर मोठा घेऊ. दुसरा म्हणतो, झोपायच्या खोलीत एवढं थेटर कशाला? सोलापुरात तिसरा पक्षही असतो, नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराचा. ज्या मालात त्याला जास्त सुटतं, तोच टीव्ही त्याच्या मते तुमच्या घरासाठी बनलेला असतो.

नवा बघण्याआधी जुन्याचं नक्की काय झालंय ते पाहा. आवाज येतोय पण पडदा काळा आहे? खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनल, म्हणजे चित्र उमटणारा पडदा, शाबूत आहे, त्याला मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्यात. ३२ इंचीच्या पट्ट्या बदलायला गल्लीतला मेकॅनिक साधारण दीड ते अडीच हजार घेतो, आणि टीव्ही पाच-सहा वर्षांचा असेल तर हा खर्च परवडतो. पडद्यावर उभ्या रेघा आल्या असतील किंवा काच तडकली असेल तर मात्र बहुधा पॅनल गेलं. नवीन पॅनल घालण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, त्या फंदात पडू नका. आणि चित्र ठणठणीत असून फक्त यूट्यूब रडतखडत चालत असेल, तर टीव्ही बदलायचं कारणच नाही. मागे एचडीएमआय पोर्ट असेल तर तीन ते पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावा, काम भागतं.

आता नव्याकडे. बेडरूमसाठी खरी लढत ३२ आणि ४३ इंचीत होते. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच असतो, ४३ इंची ९५ रुंद आणि ५३ उंच. जुना टीव्ही कपाटाच्या कोनाड्यात बसवलेला असेल तर निर्णय तिथेच झाला, टेपने मोजा आणि पुढे चला.

किमतीचं बोलायचं तर ३२ इंची स्मार्ट टीव्ही सात-आठ हजारांपासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत मिळतो, ४३ इंची सोळा-सतरापासून तिशीपर्यंत. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी आधीपासून १८ टक्केच होता. त्याहून मोठ्यांवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला. म्हणजे ‘जीएसटी उतरला म्हणून स्वस्त’ हे ४३ इंचीला लागू पडतं. ३२ इंचीवर तेच सांगून कोणी सूट दाखवत असेल तर मूळ किंमत काय होती ते विचारा. विजेचा मुद्दा काढून वाद घालू नका. ३२ इंची ४०-५० वॅट खातो, ४३ इंची ८०-१००. रोज चार तास लावला तरी महावितरणच्या बिलात महिन्याला पाच-सहा युनिटांचाच फरक पडेल.

फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, हवं का? आपल्याकडची बेडरूम बहुतेक दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. उशीला टेकून पाहिलं तर डोळ्यापासून भिंतीपर्यंत आठ-नऊ फूट अंतर पडतं. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साधारण साडेपाच-सहा फुटांपलीकडे चांगल्या नजरेलाही वेगळे दिसत नाहीत, आणि ३२ इंची एचडी रेडीचंही तेच. म्हणजे पलंगावरून फोर-केचा बारकावा कुणाला दिसणार नाही. मोठ्या पडद्याचा फायदा आहे तो अक्षरांचा. बातम्यांखालची पट्टी, मॅचचा स्कोअर, सबटायटल्स. घरातली आजी डोळे बारीक करून वाचत असेल तर ४३ घ्या, पण ते अक्षरांसाठी घेतोय हे लक्षात ठेवा. गंमत अशी की ४३ इंचीत फुल एचडी मॉडेलं आता कमी उरलीत आणि जी आहेत त्यांचा प्रोसेसर बऱ्याचदा कमजोर असतो. त्यामुळे ४३ घ्यायचाच असेल तर फोर-के घ्यावा लागतो, गरज नसली तरी.

याहून मोठा प्रश्न आहे तो टीव्हीत येणार काय, हा. इथे सोलापूरचं पाणी वेगळं आहे. एकाच शहरात मराठी मालिका, पूर्व भागात तेलुगू वाहिन्या, जोडभावीकडे किंवा अक्कलकोट रस्त्याला कन्नड. हे सगळं केबलवाल्याच्या बॉक्समधून येतं आणि स्वस्त पॅकमध्ये बऱ्याच वाहिन्या साध्या एसडी, म्हणजे एचडीहून कमी ठिपक्यांच्या, दर्जाच्या असतात. डीडी फ्री डिशचंही तसंच, महिन्याचं भाडं नाही पण चित्र बहुतांश एसडी. असं चित्र ४३ इंचांवर ताणलं की चेहरे धुरकट होतात. ३२ इंचांवर तेच सुसह्य दिसतं. केबल किंवा फ्री डिशच बघणार असाल तर ३२ नुसता स्वस्त नाही, दिसायलाही बरा. फायबरचं कनेक्शन घेऊन ओटीटीच बघणार असाल तर गणित उलटतं.

फ्री डिशवाल्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. काही टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, डिशची वायर थेट लागते आणि बॉक्स व एक रिमोट वाचतो. आणि जुना बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा असेल तर नव्या टीव्हीत तशी जागा आहे का पाहा. आता बऱ्याचदा एकच छोटं भोक असतं आणि वेगळी वायर लागते.

३२ इंचीतही दोन जाती आहेत. सात-आठ हजारांचा, नाव कधी न ऐकलेला ‘अँड्रॉइड’, आणि बारा-चौदा हजारांचा ओळखीच्या कंपनीचा. पहिल्यात बऱ्याचदा मोबाइलची अँड्रॉइड कशीबशी बसवलेली असते. यूट्यूब चालतं, पण नेटफ्लिक्स उघडत नाही किंवा चित्र अस्पष्ट येतं, कारण त्याला लागणारी मान्यता त्या टीव्हीला नसते. खोक्यावर काय छापलंय याला अर्थ नाही, दुकानातच मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन नेटफ्लिक्स लावायला सांगा. नुसती केबल बघणाऱ्यांनी मात्र हा टीव्ही घेतला तरी फारसं बिघडत नाही.

दुसऱ्या जातीत निवड सिस्टिमची, म्हणजे टीव्ही चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. सॅमसंगची टायझन आणि एलजीची वेबओएस हलक्या आहेत, कमी रॅममध्ये बऱ्या पळतात, पण मोजकीच अ‍ॅप मिळतात. गुगल टीव्हीवर हवं ते अ‍ॅप मिळतं, मात्र एक-दीड जीबी रॅमच्या स्वस्त मॉडेलमध्ये तो हळूहळू जड होत जातो. ज्येष्ठ मंडळींसाठी मी पहिल्या दोघांपैकी एक घेईन.

बेडरूमच्या म्हणून काही खास अटी असतात आणि त्या दुकानाच्या लखलखाटात कळत नाहीत. झोपून बघायचं असेल तर बाजूने आणि खालूनही चित्र तपासा. उन्हाळ्यात अर्धं घर कूलरसमोर खाली गादी टाकतं आणि टीव्ही पलंगाच्या हिशेबाने उंच टांगलेला असतो. पॅनल मुख्यतः दोन प्रकारची असतात. व्हीए पॅनल अंधारात काळा रंग छान काळा दाखवतं, पण कडेने बघितलं की रंग उडतो. आयपीएस कुठूनही सारखंच दिसतं, काळा मात्र करडा वाटतो. दोघंच समोरून बघणार असाल तर व्हीए, खोलीभर माणसं असतील तर आयपीएस. विक्रेत्याला पॅनलचं नाव माहीत नसलं तर बाजूला सरकून स्वतःच बघा.

आवाजाचंही तसंच. कूलर घरघरत असताना १० वॅटचे स्पीकर पुरत नाहीत, २० चे बघा. उलट रात्री एकाला झोपायचं असतं, तेव्हा ब्लूटूथवर हेडफोन जोडता यायला हवा. स्वस्त मॉडेलमधून पहिल्यांदा गळते ती हीच सोय. स्लीप टायमर बहुतेकांत असतो. आणि कूलरचा ओलसर झोत थेट टीव्हीवर येणार नाही अशी जागा निवडा.

पण माझा सगळ्यात मोठा निकष सर्व्हिसचा आहे. ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळणाऱ्या टीव्हीचा अधिकृत मेकॅनिक सोलापुरात आहे की पुण्याहून येणार, हे घेण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर पिनकोड देऊन विचारा. जिल्ह्यात, बार्शी-मंगळवेढ्याकडे राहत असाल तर हे दोनदा विचारा. शहरातला दुकानदार हजार-पाचशे जास्त घेऊन तक्रारीला स्वतः उभा राहत असेल तर मी त्याच्याकडूनच घेईन.

वॉरंटी एक वर्षाची की दोन, पॅनल त्यात आहे का, तेही बिलावर लिहून घ्या. वीज पडून जळालेला टीव्ही वॉरंटीत सहसा बसत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढाच, डिशची वायरसुद्धा काढा, कारण झटका बऱ्याचदा तिथूनच येतो. वेगळा स्टॅबिलायझर गळ्यात मारत असतील तर आधी टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चांगला स्पाइक गार्ड पुरतो.

थोडक्यात माझा कल ओळखीच्या कंपनीच्या ३२ इंचीकडे आहे. ओटीटीवर रोज सिनेमे बघणाऱ्यांनी किंवा नजर अधू झालेल्यांनी ४३ घ्यावा. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये देताना चारशे-पाचशेच मिळत असतील तर आधी मेकॅनिकला विचारून बघा, आतल्या चांगल्या सर्किट बोर्डाला तो जास्त देऊ शकतो. नवा घरी आला की बसवणारा माणूस जायच्या आत यूट्यूबवर पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून कोपरे तपासा. डाग किंवा तडा दिसला तर त्याच्यासमोरच फोटो काढा आणि तक्रार तिथल्या तिथे नोंदवा.