‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’: काही महिने खेळल्यानंतर

आधी निकाल सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे फासे टाकत त्यातली पात्रं रंगवतात; आमच्यात चालवणारा मी. त्याचं हे पुस्तक घेण्यासारखं आहे आणि खेळण्यासारखं तर नक्कीच आहे. त्यावर झालेल्या टीकेतली एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

हे पुस्तक जुलै २०२२ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘स्पेलजॅमर’ परत आलं आणि डिसेंबरमध्ये ‘ड्रॅगनलान्स’. त्या दोन्ही या खेळातल्या जुन्या, लाडक्या काल्पनिक दुनिया. जुन्या चाहत्यांनी नव्या पुस्तकांची तुलना आपल्या आठवणीतल्या जुन्या खोकाबंद संचांशी केली. ‘स्पेलजॅमर’वर तर ६४-६४ पानांच्या तीन पुस्तिकांत अवकाशातल्या जहाजांच्या लढाईचे नियम जेमतेमच आहेत म्हणून लोक चिडले, आणि हॅडोझी या काल्पनिक जमातीच्या वर्णनावरून प्रकाशकांना सप्टेंबरमध्ये माफी मागावी लागली. रेडियंट सिटाडेलला असा भूतकाळच नव्हता. ही जागाच नवी, त्यामुळे प्रतिक्रियाही वेगळ्या आल्या. काहींनी अक्षरशः आनंदाने उड्या मारल्या. काही म्हणाले, हे आमच्या ओळखीचं डी अँड डी नव्हे.

नव्या दुनियेला असा विरोध होणं नवीन नाही. २००२ मध्ये प्रकाशकांनी नवी दुनिया सुचवण्याची स्पर्धा ठेवली, अकरा हजारांच्या आसपास प्रवेशिका आल्या आणि त्यांतून कीथ बेकर यांची ‘एबेरॉन’ निवडली गेली. २००४ मध्ये ती छापून आली तेव्हा जादूवर चालणाऱ्या रेल्वेगाड्या आणि लाकूड-लोखंडाचे जिवंत सैनिक बघून नाकं मुरडणारे होतेच. आज त्याच एबेरॉनसाठी लोक जीव टाकतात. म्हणून पहिल्या महिन्यातल्या प्रतिक्रियांवर माझा फारसा भरवसा नाही. टेबलावर काय घडतं ते बघायचं.

सिटाडेल म्हणजे इथिरियल प्लेन या जगांच्या मधल्या धूसर मितीत तरंगणारं शहर. कुठल्याशा अवाढव्य प्राण्याचा सांगाडा एका प्रचंड हिऱ्याभोवती वेटोळं घालून बसलाय आणि त्या हाडांत शहर कोरलंय. सत्तावीस संस्कृतींनी मिळून ते उभारलं. त्यांतल्या पंधरांशी आज संबंध आहे, बाकीच्यांचा पत्ता नाही. पुस्तकात तेरा स्वतंत्र साहसं (खेळायच्या तयार गोष्टी) आहेत, पात्रांच्या ताकदीच्या पहिल्या लेव्हलपासून चौदाव्यापर्यंत. प्रत्येक साहस वेगळ्या देशात घडतं, आणि तो देश लेखकाच्या स्वतःच्या मुळांतून आलेला आहे. अजित जॉर्ज आणि वेस्ली श्नायडर यांनी प्रकल्पाचं नेतृत्व केलं.

आता तक्रारींकडे येतो. सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार अशी, की यात मारामारी कमी, गोडवा जास्त. मला ती पटत नाही. पहिलं साहस ‘सॉल्टेड लेगसी’ घ्या. रात्रीचा बाजार, दोन दुकानदार घराण्यांचं जुनं वैर, आणि एकमेकांवर चोरी-नासधुशीचे आरोप. खेळाडूंनी बाजारातल्या स्पर्धांत उतरायचं, दुकानदारांचा विश्वास कमवायचा आणि मग खरा उपद्रव कोणाचा ते शोधायचं. आमच्या गटात एक जण कायम कुऱ्हाडवालाच होतो, संवादाच्या वेळी मोबाइल बघत बसणारा. या बाजारात त्याचा ड्वॉर्फ, म्हणजे त्याचं बुटकं पात्र, एका म्हातारीच्या दुकानात मदतीला उभा राहिला आणि सेशनभर तिथून हललाच नाही. तिची उधारी कोणाकडे, शेजारचा भाव कसा पाडतो, हे सगळं तो खोदून खोदून विचारत होता. पुस्तकात त्या बाईची उधारी नाही, ती मी तिथल्या तिथे रचली. पण विचारावंसं वाटेल इतकी जागा पुस्तकाने करून ठेवली होती. खेळाडूला करायला काम मिळालं की तलवार आपोआप म्यानात राहते, आणि जेव्हा ती बाहेर येते तेव्हा त्या वाराला अर्थ असतो.

‘सिन्स ऑफ अवर एल्डर्स’ तर या पुस्तकाचा कळस आहे. (खेळायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) कोरियन परंपरेवर बेतलेलं योनिदो नावाचं शहर, सणाची गडबड, आणि रात्री होणारे हल्ले जे कोणाला धड आठवतच नाहीत. मुळाशी आहे एक ग्विशिन, म्हणजे जिचं कर्तृत्व शहराच्या आठवणीतून पुसून टाकलं गेलं अशा बाईचं भूत. तिला हरवता येतं, पण खरी सोडवणूक तिचं नाव शहराला परत सांगण्यात आहे. आमच्यातल्या एकीने शेवटच्या प्रसंगात फासे हातात घेतले आणि टाकलेच नाहीत. तिच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्राने, चौकात उभं राहून त्या बाईची हकिकत सांगायला सुरुवात केली, सलग, मराठीत, कोणीही मध्ये न बोलता. मी परस्वेजनचा रोल, म्हणजे समजूत घालणं जमलं का हे ठरवणारा फासा, मागितला नाही. त्या क्षणी तो मागणं चुकीचं ठरलं असतं.

भारतीय खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट मोलाची आहे. या खेळात राक्षस १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळातल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या पुस्तकापासून आहे. वाघाचं तोंड, उलटे तळवे, तोंडात पाइप. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाशी त्याचा संबंध नावापुरताच. रेव्हनलॉफ्ट या डी अँड डीच्या भयकथांच्या दुनियेत श्री राजी नावाचा भारतासारखा प्रदेश पूर्वी होता, तोही बाहेरून बघितलेला. २०२१ च्या रेव्हनलॉफ्ट पुस्तकात अजित जॉर्ज यांनीच त्या जागी कलाकेरी उभं केलं, सिंहासनासाठी भावंडांनी एकमेकांचा जीव घेण्याची कथा. रेडियंट सिटाडेलमध्ये ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ हे साहस कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी लिहिलंय. शंखभूमी हा नद्यांचा देश. तिथे नदीच्या आत्म्यांशी माणसांचं नातं आहे, देवघेव आहे, रुसवेफुगवे आहेत. हे साहस चालवताना मला एकाही खेळाडूला नदीपुढे हात का जोडायचे ते समजावून सांगावं लागलं नाही. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेला आमचा एक मित्र तर होडीत पाय टाकण्याआधी म्हणाला, “आधी नारळ सोडतो.” पुस्तकात नारळ नव्हता. मी त्या सेशनपुरतं त्याला एक इन्स्पिरेशन (फासा टाकताना मिळणारी सवलत) दिलं.

आता खरी तक्रार. देश फारच थोडक्यात उरकलेत. साहस संपल्यावर त्या भूमीची माहिती दोन-तीन पानांत येते आणि तिथे थांबते. शंखभूमीत खेळाडूंना राहायचं होतं. दुसरं गाव कुठलं, तिथे सत्ता कोणाची, कर कोण घेतो, नदी कुठे मिळते? बरंचसं मलाच रचावं लागलं. सिटाडेलचंही तेच. इतकं देखणं शहर, पण रोजच्या जगण्यातले हेवेदावे हाती लागत नाहीत, सगळं जरा जास्तच सामोपचाराने चाललेलं दिसतं. ज्यांनी ‘इथे कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) उभं राहत नाही’ म्हटलं, त्यांची निराशा मला समजते. २२४ पानांत तेरा देश कोंबल्यावर दुसरं काय होणार? मला सहाच देश पण भरघोस मिळाले असते तर जास्त आवडलं असतं. त्यात सिटाडेलला जोडलेल्या पण साहस नसलेल्या देशांना तर ओझरता उल्लेखच मिळालाय.

यावर आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे हरवलेल्या बारा संस्कृती. सिटाडेलमधल्या कोणाला तरी त्यांतली एक शोधायची आहे आणि कोणाला तरी ती सापडायला नको आहे, एवढा धागा धरला की सुट्या साहसांना कणा मिळतो.

चालवणाऱ्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. नावांचे उच्चार पुस्तकात दिलेत, ते आधी मोठ्याने म्हणून बघा. वाचून दाखवायचे इंग्रजी परिच्छेद तसेच वाचू नका. आम्ही मराठीत खेळतो, मी ते आधी आपल्या शब्दांत लिहून काढायचो, त्याने टेबलावरचा सूर टिकतो. नियम २०१४ च्या आवृत्तीचे आहेत, पण २०२४ चं ‘प्लेअर्स हँडबुक’ हे नियमांचं नवं पुस्तक वापरून खेळायला आम्हाला अडचण आली नाही. वरच्या लेव्हलच्या लढाया मात्र अनुभवी गटाला हलक्या जातात, शत्रू एखाद-दोन वाढवा. आणि तेराही साहसं ओळीने खेळायचा हट्ट नको, रोजच्या रोज नवा देश आला की खेळाडू पाहुण्यासारखे वागायला लागतात.

पहिल्यांदाच घेत असाल तर ‘सॉल्टेड लेगसी’ने सुरुवात करा आणि ‘सिन्स ऑफ अवर एल्डर्स’पर्यंत थेट जाण्याऐवजी मध्ये ‘द फीन्ड ऑफ हॉलो माइन’ खेळा. मेक्सिकोच्या धर्तीवरचं आहे, लढाईवाल्यांची भूक त्यात भागते. मणिवर्षासाठी गट मुरू द्या.