गिरणगावाच्या इतिहासावरचे पुस्तक : प्रकाशन सभागृहात करावे की वस्तीत?

मुंबईच्या लढाऊ इतिहासावरचे पुस्तक छपाईला गेले की लेखक आणि प्रकाशक यांच्यात पहिली चर्चा होते ती प्रकाशन समारंभाच्या जागेची. एक मार्ग दादर-माटुंग्याच्या एखाद्या सभागृहाचा आणि दुसरा लालबाग-परळच्या वस्तीतला, म्हणजे जिथे हा इतिहास घडला तिथल्याच मंडळाच्या किंवा चाळीच्या जागेत कार्यक्रम करण्याचा. दोन्हींचा खर्च आणि श्रम वेगळे आहेतच, पण पुस्तकाला पहिले वाचक कोण मिळतात हे या निवडीवर ठरते, म्हणून ती विचारपूर्वक करावी.

सभागृहाची बाजू भक्कम आहे. पत्रकार, समीक्षक आणि ग्रंथालयांची मंडळी तिथे सवयीने येतात, ध्वनिव्यवस्था तयार असते, चित्रीकरण नीट होते. अडचण कार्यक्रमाच्या ठरलेल्या साच्याची आहे. स्वागत, सत्कार, शाल-श्रीफळ आणि चार-पाच वक्ते झाल्यावर लेखकाच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटे उरतात आणि तोवर मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागलेल्या असतात. व्यासपीठावर राजकीय पाहुणा असेल तर धोका अधिक. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपाबद्दल किंवा १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त ठरलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या संघटनेच्या भूमिकेबद्दल आजही तीव्र मतभेद आहेत, आणि अशा पुस्तकावर एखाद्या पक्षाचा शिक्का बसला की ते वाचले जाण्याआधीच त्याची बाजू ठरवली जाते. सभागृहच निवडायचे असेल, तर वक्ते दोनच ठेवावेत आणि त्यांतला एक पुस्तक पूर्ण वाचून त्याच्याशी वाद घालणारा असावा.

वस्तीतल्या प्रकाशनाला मेहनत जास्त लागते. उघड्या जागेत ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची परवानगी हवी आणि रात्री दहाची मर्यादा पाळायला हवी, शिवाय खुर्च्यांपासून विजेपर्यंत सगळे स्वतः जमवावे लागते. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी येतीलच असेही नाही. तरीही माझा कौल याच मार्गाला आहे. निवृत्त गिरणी कामगार आणि त्यांची मुले समोर बसलेली असताना संपावरचे प्रकरण वाचून दाखवले, की गिरणीच्या फाटकावरची सभा कुठे भरायची, धान्य कोणी वाटले, घरातल्या बायकांनी त्या महिन्यांत कोणती कामे धरली, हे तपशील आपोआप पुढे येतात. जुनी पत्रके आणि छायाचित्रेही अशाच वेळी कपाटातून बाहेर निघतात. हे सारे टिपून घेण्यासाठी दोन माणसे आणि नोंदवही दाराशीच ठेवावी, कारण दुसरी आवृत्ती त्यातूनच सुधारते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची परंपरा असलेल्या या भागात भाषणांऐवजी शाहिरीने सुरुवात करणे शोभेचे ठरत नाही, ते पुस्तकाच्या विषयातलेच असते.

तारखेबद्दल थोडे. १ मे सर्वांना सुचतो, पण त्या दिवशी महाराष्ट्र दिनाच्या आणि कामगार दिनाच्या कार्यक्रमांची इतकी गर्दी असते की नव्या पुस्तकाकडे लक्ष जाणे कठीण. संपाचा भाग मोठा असेल तर १८ जानेवारी, नौदलाच्या १९४६ च्या उठावावर भर असेल तर १८ फेब्रुवारी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर असेल तर त्यातल्या हुतात्म्यांच्या स्मरणाचा २१ नोव्हेंबर अधिक योग्य.

प्रसिद्धीतही हीच निवड पुन्हा समोर येते. वृत्तपत्रीय परीक्षण ग्रंथालयांपर्यंत पोहोचते, पण ते छापून येण्यास महिने लागतात, म्हणून परीक्षणाच्या प्रती प्रकाशनाच्या आधीच पाठवाव्यात. प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी छपाईच्या खर्चाला हातभार लावते आणि किती प्रती काढाव्यात याचा अंदाजही देते. समाजमाध्यमांवर मुखपृष्ठ फिरवण्यापेक्षा वीस-पंचवीस जणांचा पायी फेरफटका काढून त्या त्या जागी पुस्तकातला उतारा वाचणे मला अधिक फलदायी वाटते, कारण त्या जागेवर ऐकलेली ओळ लक्षात राहते आणि पुस्तक बहुधा तिथेच विकत घेतले जाते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लागणाऱ्या ग्रंथदालनांचा मोह अनेकांना होतो. तिथला वाचक पुस्तक चाळून, पारखून घेतो. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी केलेला संप किंवा १९७२ मध्ये स्थापन झालेली दलित पँथर यांना पुस्तकात जेमतेम दोन ओळी दिल्या असतील, तर तिथे टेबल मांडू नये.

पैसे एकाच कार्यक्रमापुरते असतील तर तो वस्तीत करावा. दोन-तीन महिन्यांनी एखादे ग्रंथालय किंवा महाविद्यालय यजमान होण्यास तयार झाले, तर सभागृहात चर्चासत्र घेता येईल, आणि तेव्हा बोलणाऱ्यांनी निदान पुस्तक वाचलेले असेल.