घड्याळ पाहून जेवायचं की कॅलरी मोजून?

वजन घटवायला एकजण दिवसातले आठच तास खातो, दुसरा प्रत्येक घासाचा हिशेब ठेवतो. सरस कोण?

चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांचा प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असलेल्या 139 जणांच्या दोन गटांना कॅलरीची सारखीच मर्यादा होती. एका गटाला शिवाय सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायची अट. वर्षभरानं अटवाल्यांचं वजन सरासरी 8 किलोनं उतरलं, दुसऱ्यांचं 6.3 किलोनं. फरक दिसतो खरा, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही.

शिकागोचा 2023 चा प्रयोग मला जास्त उपयोगाचा वाटतो, कारण तो आपल्या जगण्याच्या जवळचा आहे. 90 जणांपैकी एका गटानं फक्त दुपारी बारा ते रात्री आठ ही वेळ पाळली, मोजमाप काहीच नाही. दुसऱ्यानं रोजच्या कॅलरी 25 टक्क्यांनी घटवल्या. तिसरा तुलनेपुरता. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांची घट जवळपास सारखीच! घड्याळवाल्यांचं खाणं न मोजताच कमी झालं होतं.

हिशेबाचा कंटाळा असेल, तर घड्याळ बरं. त्या आठ तासांत आडवा हात मारला, तर मात्र उपयोग शून्य. कामाच्या वेळा सतत बदलत असतील, तर मोजणंच सोयीचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबलचक उपास सुरू करू नये. रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते.