ग्रीक-लॅटिनमध्ये पीएचडी: ऑक्सफर्ड की अमेरिका?

संस्कृत किंवा प्राचीन इतिहासात एमए करून ग्रीस-रोमकडे वळू पाहणारी मुलं आधी विद्यापीठाचं नाव विचारतात. मी उलट विचारतो: कोश न उघडता होमरच्या किती ओळी वाचता?

ऑक्सफर्डच्या पीएचडीला डीफिल म्हणतात. तीन-चार वर्षांचं काम. सक्तीचे वर्ग जवळपास नाहीत, संशोधनाचा प्रस्ताव अर्जासोबतच द्यायचा. म्हणजे प्रश्न आधीच डोक्यात पक्का हवा, आणि तो सोडवण्याइतकी भाषाही. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरसांवर (प्राचीन कागदासारख्या पानांवरच्या लेखनावर) काम करायचं असेल तर मात्र फार विचार करू नका, तो संग्रह ऑक्सफर्डमध्येच आहे.

अमेरिकेत पाच-सहा वर्षं धरा, अनेकांची सात होतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वर्गांत जातात. मग लांबलचक यादीतल्या ग्रंथांवर ग्रीक आणि लॅटिन भाषांतराच्या परीक्षा, शिवाय जर्मन आणि फ्रेंच किंवा इटालियन वाचता येतं हे सिद्ध करायचं. (जर्मन कशाला? ‘पाउली-विसोवा’ हा प्राचीन ग्रीस-रोमवरचा अवाढव्य जर्मन ज्ञानकोश चाळायला घ्या, कळेल.) मधल्या वर्षांत पदवीच्या मुलांना लॅटिन शिकवावं लागतं. वेळ जातो, पण प्राध्यापकीसाठी अर्ज करताना हाच अनुभव उपयोगी पडतो.

पैशांचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या मोठ्या विभागांत प्रवेशाबरोबरच फीमाफी आणि विद्यावेतन मिळतं, म्हणून जागा मोजक्याच. ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला तरी पैसे मिळतीलच असं नाही. क्लॅरेंडनसारखी शिष्यवृत्ती हुकली तर परदेशी विद्यार्थ्याची फी आपल्या घरांना झेपणारी नसते. अशा वेळी नावाच्या मोहात कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत.

संस्कृतवाल्यांना एक फायदा आहे, तो कमी लेखू नका. ग्रीकमध्येही द्विवचन भेटतं, आणि ‘अभरम्’शेजारी ‘एफेरॉन’ ठेवलं की भूतकाळाचा तो आरंभीचा ‘अ’, ग्रीकमध्ये ‘ए’ झालेला, लगेच ओळखीचा वाटतो. पण व्याकरण ओळखीचं असणं वेगळं आणि थ्युसिडिडीससारखा ग्रीक इतिहासकार मुळातून वाचता येणं वेगळं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला काशाचा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) पाहून रोमन व्यापाराच्या वेडाने आला असाल, तर निव्वळ भाषेच्या विभागापेक्षा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठासारखा प्राचीन इतिहास आणि भूमध्य पुरातत्त्व एकत्र शिकवणारा गट बघा.

आणि लॅटिन वर्षभराचीच झाली असेल तर दोन्हीकडचे अर्ज तूर्त बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या पेनसारख्या (पेनसिल्व्हेनिया) विद्यापीठांत पदवीनंतर फक्त ग्रीक-लॅटिन पक्कं करून घेणारे अभ्यासक्रम आहेत. फी मात्र खिशातून.