आरसी की कॉटन? प्रदर्शनासाठी मेटॅलिक कागद निवडताना

मेटॅलिक, म्हणजे धातूसारखी झाक असलेल्या फोटो कागदाचा नाद मला लोखंडामुळे लागला. नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथल्या वाफेच्या इंजिनांचे फोटो मी बरीच वर्षं काढतोय, आणि नागपूर-नागभीडची अडीच फुटी गाडी २०१९ मध्ये बंद झाल्यापासून तर जास्तच. जोडीला भंडाऱ्याच्या पितळकामाचे फोटो आहेत. भट्टीपुढचे हात, ठोके पडलेली घागर, पॉलिश होऊन रांगेत ठेवलेली भांडी. हे फोटो साध्या लस्टर (अर्धवट चमकदार) कागदावर छापले की लोखंड राखाडी दिसतं आणि पितळ नुसतं पिवळं. रंग जागेवर असतो, पण धातूची झाक निघून गेलेली असते.

गेल्या हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये १८ प्रिंट्स लावायचं ठरलं, तेव्हा कागदाचा निर्णय टाळता येईना. आता माझे दोन-तीन मित्र त्याच वळणावर आहेत. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आलो ते इथे सलग लिहितो. कागदाचे आकडे पाकिटावर छापलेले असतात, म्हणून त्यांत फार शिरत नाही.

लॅबमध्ये रासायनिक पद्धतीने निघणारी मेटॅलिक प्रिंट, म्हणजे कोडॅक एंड्युरा मेटॅलिकसारखी, ही एक वेगळी वाट आहे आणि ती वाईट नाही. पण तिथे काळा किती खोल, सावली किती उघडी, हे सगळं लॅबच्या मशीनवर सोडावं लागतं. मला प्रत्येक प्रिंट स्वतः उभं राहून काढायची होती, म्हणून ती वाट मी सोडली.

मग उरतात इंकजेटच्या दोन जाती. एक आरसी, म्हणजे कागदाच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा थर आणि वर मोत्यासारखी चकाकी. मोआबचा स्लिकरॉक मेटॅलिक पर्ल या जातीतला, २६० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम). दुसरी कॉटन. हानेम्यूलेचा फोटो रॅग मेटॅलिक पूर्ण सुती धाग्यांचा, ३४० जीएसएमचा. दोन्हींना फोटो ब्लॅक, म्हणजे चमकदार कागदांसाठीची काळी शाईच लागते, दोन्ही चमकदार आहेत, आणि पाकीट उघडल्या उघडल्या दोन्ही सारखेच भुरळ घालतात.

टेबलावर ठेवून पाहाल तर आरसी जिंकेल, हे आधीच कबूल करतो. एकाच फाइलच्या दोन प्रिंट्स शेजारीशेजारी ठेवून घरच्यांना आणि मित्रांना विचारलं, तर बहुतेकांनी आरसीवर बोट ठेवलं. काळा रंग विहिरीसारखा खोल. बॉयलरवरचा रिव्हेट न् रिव्हेट मोजून घ्यावा इतका स्पष्ट. पृष्ठभाग आरशासारखा सपाट असल्यामुळे बारीक तपशील कुठेच अडखळत नाही. शिवाय कॉटनचा एक कागद मला आरसीच्या दुपटीहून जास्त महाग पडला. तेव्हा पहिले सहा फोटो मी बिनधास्त आरसीवर काढले, ए-२ आकारात, आणि सीताबर्डीवर माझ्या नेहमीच्या फ्रेमवाल्या काकांकडे घेऊन गेलो.

काकांनी पहिली प्रिंट हातात घेतली, खिडकीकडे थोडी तिरपी केली आणि विचारलं, "भाऊ, हे पांढरं अजून ओलं हाये का?"

प्रिंट दोन दिवस वाळलेली होती. फोटो होता पॉलिश केलेल्या पितळी गुंडाचा, म्हणजे पाण्याच्या भांड्याचा. त्याच्या पोटावर खिडकीचा उजेड पडून एक पांढरा ठिपका उमटलेला, सगळ्या फोटोचा जीव त्या ठिपक्यात. समोरून तो लखलखत होता. काकांनी तिरपा धरला तसा तो आजूबाजूपासून तुटून वेगळा दिसायला लागला. भोवती कडा, मध्ये काचेचा तुकडा चिकटवल्यासारखी जागा. ओली म्हणा, सोललेली म्हणा. एकदा ते दिसलं आणि मग बाकीच्या पाचही प्रिंट्समध्ये मला तेच दिसू लागलं. इंजिनाच्या धुरामागचं फिकट आकाश, खिडकीची चौकट, घामाने चमकलेलं कपाळ, सगळीकडे पांढऱ्याला कडा.

कारण साधं आहे. पिगमेंट शाई, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली शाई, कागदात मुरत नाही, वर बसते. गडद भागात तिचा थर जाड, उजळ भागात पातळ, आणि निव्वळ पांढऱ्यात शाईच नाही, तिथे उघडा कागद. साध्या ग्लॉसी कागदावरही हा चकाकीतला फरक असतोच. पण मेटॅलिकमध्ये उघडा कागद स्वतःच चमकणारा. मोत्याची झाक देणारी रंगद्रव्यं साधारणपणे अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांची असतात. उजेडाच्या एका कोनात ती झळकतात, कोन सुटला की राखाडी पडतात. त्यामुळे समोरून जो ठिपका फोटोतला सर्वांत उजळ, तोच बाजूने शेजारच्या पिवळ्याहून मंद दिसू शकतो. कंपनी कोणती याला फार अर्थ नाही. सपाट, आरशासारख्या आरसी मेटॅलिकचा हा स्वभावच आहे असं मला वाटतं.

कोणी म्हणेल, तिरपं कशाला पाहायचं? पण प्रदर्शनात प्रिंट तिरपीच दिसते. आमच्या हॉलला दार एका टोकाला, भिंती लांबट. आत पाऊल टाकणाऱ्याला पहिल्या दहा प्रिंट्स बाजूनेच दिसतात. मग तो चालत येतो, समोर थांबतो, पुढे सरकताना पुन्हा बाजूने पाहतो. स्टुडिओच्या दिव्याखाली टेबलावर आपण जे पाहतो ते त्या सगळ्या पाहण्यातले मधले दोन-तीन क्षण. माझा निर्णय या एका गोष्टीने झाला. बाकीचे फायदे-तोटे मी नंतर जुळवत बसलो.

निर्णय घेण्याआधी उपायही करून पाहिले. कॅननच्या काही प्रिंटरमध्ये क्रोमा ऑप्टिमायझर असतो, एप्सनच्या काहींत ग्लॉस ऑप्टिमायझर. हा पारदर्शक थर पूर्ण पानावर देता येतो. त्याने कडा बरीच मऊ झाली, पण गेली नाही, आणि माझ्या डोळ्यांना मूळ चकाकीही थोडी दबलेली वाटली. दुसरा उपाय म्हणजे फाइलमध्ये शुद्ध पांढरा ठेवायचाच नाही. उजळपणाच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर २५५ ऐवजी २४८ च्या आसपास आणायचा, म्हणजे सगळीकडे शाईचा थोडा तरी शिडकावा पडतो. हा उपाय मी दोन्ही कागदांवर आजही वापरतो. पण आरसीवर तेवढ्याने भागलं नाही. पितळेची चमक करडी झाली आणि कडा अंधूक का होईना, राहिलीच.

कॉटनवर तोच गुंड काढला तेव्हा पहिल्या नजरेला थोडी निराशा झाली, हे खरं सांगतो. काळा आरसीइतका खोल वाटला नाही. रिव्हेट थोडे मवाळ. पण प्रिंट भिंतीला लावली आणि खोलीच्या दारापासून चालत आलो, तेव्हा पांढरा ठिपका भांड्याच्या पोटावरच राहिला. कागदाच्या अंगाला हलका खडबडीतपणा आहे, त्यामुळे उजेड एका फटक्यात परत येत नाही, थोडा पसरतो. चकाकीतला फरक इथेही आहे, मोजायला बसलात तर नक्की सापडेल, पण त्याला धार नाही. बाजूने पाहताना चमक कमी होते तीही हळूहळू, संध्याकाळी देवघरातल्या समईवरचा उजेड उतरतो तशी. पितळ पितळेसारखं दिसलं. मी त्या प्रिंटसमोरून किती येरझारा घातल्या ते घरच्यांना विचारा.

आता कॉटनचे त्रासही ऐका, कारण नागपुरात ते जास्त आहेत. सुती कागदावर बारीक धागे आणि कण असतात. त्यावर शाई पडली आणि नंतर कण उडाला की तिथे पांढरा ठिपका राहतो. म्हणून प्रत्येक कागद छापण्याआधी मऊ ब्रशने झाडायचा. आणि मुख्य त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि माझ्या खोलीतला आर्द्रतामापक २० टक्क्यांच्या खाली. अशा हवेत कागदाच्या कडा वर उचलल्या जातात, प्रिंटहेड कोपऱ्याला घासतं आणि काळा ओरखडा उमटतो. ३४० जीएसएमचा एक महागडा कागद गेला की दिवस खराब होतो. कूलर लावावा तर खसाच्या ओलाव्याबरोबर बाहेरची धूळही आत येते आणि ओल्या शाईवर बसते. बंद ठेवावा तर नोझल सुकतात. मी शेवटी खोलीत ओली चादर टांगून, पंखा बंद करून, पहाटे पाचला छापत बसलो. कागद आदल्या रात्री सपाट वजनाखाली ठेवायचा आणि प्रिंटरमध्ये हेडची उंची वाढवायची, एवढं केलं तर निभतं. आरसीला इतके लाड लागत नाहीत, हे मान्य करायलाच हवं.

आरसीचा एक दोष मात्र फ्रेमनंतर कळतो. प्लास्टिकच्या थरामुळे शाईतले द्रव मागे मुरत नाहीत, वरून सावकाश उडत राहतात. घाईने काचेत बंद केलं तर काही दिवसांनी काचेच्या आतून धुरकट थर धरतो. छापल्यावर वर साधा कागद ठेवून तो ओलावा शोषू द्यावा, एकदोनदा कागद बदलावा, आणि त्यानंतरच फ्रेमवाल्याकडे जावं. तसंही मेटॅलिकवर साधी काच घालू नये असं माझं मत आहे. एक चमक दुसरीला खाते आणि पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो. मी १८ पैकी १५ प्रिंट्स काच न घालता खोल मोल्डिंगमध्ये लावल्या. हात लागण्याची भीती होती, पण लोक समजूतदार निघाले. दिवे उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर ठेवले. त्याहून सपाट कोनात ठेवले की दिव्याचा गोळाच प्रिंटमध्ये उतरतो, आरसीत तर फारच.

आणखी एक गोष्ट, जिने माझे बरेच कागद वाया घालवले. सॉफ्ट प्रूफवर, म्हणजे प्रिंट कशी येईल याच्या पडद्यावरच्या अंदाजावर, विसंबू नका. त्या अंदाजामागचं प्रोफाइल, म्हणजे कागदावर रंग कसे उतरतात त्याची नोंद, बनवायची यंत्रं सहसा ४५ अंशांवरून उजेड टाकून सरळ वरून वाचतात, म्हणजे थेट परावर्तित होणारी चकाकी त्यांच्या मोजणीत येतच नाही. पडद्यावर दिसतं त्याहून मेटॅलिक प्रिंट वेगळीच येते. माझ्या अनुभवात मधले टोन थोडे उघडावे लागतात, कॉटनवर जरा जास्त.

आरसी मी पूर्ण सोडलेला नाही. तीन प्रिंट्स त्यावरच लागल्या. पावसाने भिजलेला रात्रीचा सीताबर्डीचा रस्ता, फुटाळा तलावाच्या पाण्यातले दिवे, आणि कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी संध्याकाळनंतर. तिन्हींत शुद्ध पांढरा नगण्य, काळा भरपूर, आणि दिव्याचा ठिपका बाजूने काचेसारखा दिसला तरी शोभतो, कारण तो दिवाच आहे. तुमचं काम असं रात्रीचं असेल तर जास्त पैसे खर्च करायचं कारण मला दिसत नाही. वाघाच्या फोटोंबद्दल दर वेळी विचारलं जातं, आपल्याकडे ताडोबा-पेंच इतकं जवळ, विचारणारच. डोळे मेटॅलिकवर छान जिवंत होतात, पण उन्हाळ्यातलं वाळकं गवत धातूच्या तारांसारखं दिसतं. वाघ मी तरी बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या, धातूची झाक नसलेल्या) कागदावरच काढेन. ज्याच्या अंगात चमक नाही त्याला कागदाने ती देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

ठरवण्याआधी दोन्हींचं छोटं पाकीट घ्या, ए-४ चालेल. सर्वांत उजळ ठिपका असलेला एकच फोटो दोन्हींवर काढा, दोन दिवस वाळू द्या, डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवा आणि दारापासून चालत या. बरोबर एखाद्या फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या माणसाला घ्या आणि त्याला काहीच न सांगता काय दिसतं ते विचारा. आणि कॉटनच घ्यायचं ठरलं, तर छपाई होळीच्या आत उरकून घ्या.