सिम्पललॉगिन: अलायसवरून मेल पाठवायला कितपत भरवशाचं?

अलायस, म्हणजे खऱ्या पत्त्याऐवजी लोकांना देता येणारा वेगळा ईमेल पत्ता, देणाऱ्या सेवा आता पुष्कळ आहेत आणि आलेलं मेल तुमच्या खऱ्या इनबॉक्सकडे वळवण्याचं काम त्या बहुतेक नीट करतात. त्या बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. कस लागतो तो उलट दिशेला, म्हणजे समोरच्यानं अजून काहीच लिहिलेलं नसताना तुम्हाला पहिलं मेल पाठवायचं असतं आणि त्यात खरा पत्ता कुठेही दिसता कामा नये, तेव्हा. सिम्पललॉगिनकडे या परीक्षणात फक्त त्याच बाजूनं पाहिलं आहे. ही मुक्तस्रोत सेवा एप्रिल 2022 मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीनं विकत घेतली. प्रोटॉनचं खातं नसलं तरी ती वापरता येते. जीमेल, आउटलुक, झोहो, कुठलाही इनबॉक्स चालतो.

आधी रचना समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या चुका ती न समजल्यामुळे होतात. तुमचा खरा पत्ता म्हणजे मेलबॉक्स. जगाला दाखवायचा पत्ता म्हणजे अलायस. तिसरा असतो रिव्हर्स-अलायस. समोरच्या प्रत्येक माणसासाठी सिम्पललॉगिन एक वेगळा पत्ता तयार करतं. तुम्ही मेल त्या पत्त्यावर पाठवायचं. सिम्पललॉगिन ते मधे घेतं, प्रेषकाच्या जागी तुमचा अलायस घालतं आणि खऱ्या माणसाकडे रवाना करतं.

समजा पुण्यात भाड्यानं घर शोधताय आणि जाहिरातीत मालकाचा ईमेल दिला आहे. डॅशबोर्डवर नवा कस्टम अलायस घ्या. पुढचा भाग तुमच्या मनासारखा ठेवता येतो, उदाहरणार्थ ‘घरशोध’. त्याला सेवेकडून एक यादृच्छिक शेपूट आणि त्यांचं डोमेन, म्हणजे ‘@’च्या पुढचा भाग, जोडलं जातं. मग त्या अलायसच्या खाली ‘काँटॅक्ट्स’ उघडा, मालकाचा पत्ता टाका आणि रिव्हर्स-अलायस तयार करा. तो लांबलचक दिसतो: मालकाचा पत्ता, त्यातल्या ‘@’च्या जागी ‘अ‍ॅट’, पुढे काही निरर्थक अक्षरं आणि शेवटी @सिम्पललॉगिन.को. तो कॉपी करून जीमेलच्या ‘टू’मध्ये चिकटवा आणि नेहमीसारखं मेल लिहून पाठवा. मालकाला प्रेषक म्हणून फक्त ‘घरशोध’वाला पत्ता दिसतो. त्यानं उत्तर दिलं की ते तुमच्या जीमेलमध्ये येतं. तिथून पुढे साधं ‘रिप्लाय’ दाबलं तरी चालतं, पुन्हा डॅशबोर्डवर जावं लागत नाही.

संपर्क आधी तयार करून पहिलं मेल पाठवायचं असेल तर सशुल्क योजना धरून चला. मोफत योजनेत दहा अलायस मिळतात आणि आलेल्या मेलला अलायसवरून उत्तर देता येतं. यात एक पळवाट उपयोगी पडते. समोरच्याला फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अलायस द्या आणि ‘यावर एक मेल टाका’ म्हणा. त्याचं मेल आलं की त्याच्यासाठीचा रिव्हर्स-अलायस आपोआप तयार होतो.

नाव दिसण्याची काळजी अनेकांना असते. जीमेलमध्ये ठेवलेलं तुमचं नाव पुढे जात नाही. अलायसला तुम्ही स्वतः ‘डिस्प्ले नेम’ दिलं असेल तेच दिसतं, नाहीतर नुसता पत्ता. घरमालकाला नुसता विचित्र पत्ता पाहून शंका येऊ शकते, म्हणून पहिलं नाव तरी घालावं. मेलचे तांत्रिक हेडरही साफ होतात. ते कोणत्या सर्व्हरवरून निघालं, कोणत्या अ‍ॅपमधून लिहिलं, या खुणा काढून टाकल्या जातात.

या सेवेची सर्वांत मोलाची बाजू म्हणजे चूक झाली तर मेल अडतं, पत्ता फुटत नाही. फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये दोन-तीन खाती असतील तर ‘फ्रॉम’मध्ये भलतंच खातं निवडलेलं राहणं ही रोजची गोष्ट आहे. अलायस ज्या मेलबॉक्सशी जोडला आहे त्याखेरीज दुसऱ्या पत्त्यावरून रिव्हर्स-अलायसला मेल गेलं, तर सिम्पललॉगिन ते पुढे पाठवत नाही आणि तुम्हाला तसं कळवतं. ऑफिसच्या पत्त्यावरूनही पाठवायचं असेल तर मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये तो ‘ऑथराइज्ड अ‍ॅड्रेस’ म्हणून नोंदवावा लागतो.

जीमेलच्या, दुसऱ्या पत्त्यानं मेल पाठवू देणाऱ्या ‘सेंड मेल अ‍ॅज’शी याची तुलना केली की फरक ठळक होतो. ती सोय फुकट आहे आणि चांगलीही आहे. संगणकावर सेटिंग्ज, मग ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’, मग ‘अ‍ॅड अनदर ईमेल अ‍ॅड्रेस’. दुसऱ्या पत्त्याचा एसएमटीपी सर्व्हर, म्हणजे मेल बाहेर पाठवणारा सर्व्हर, त्याचा पोर्ट (कूटबद्ध जोडणी टीएलएसची असेल तर 587, एसएसएलची असेल तर 465), पासवर्ड, मग पडताळणीचा कोड. असे 99 पर्यंत पत्ते जोडता येतात. पण प्रत्येक नवं मेल लिहिताना ‘फ्रॉम’ बदलायला विसरलात की खरा पत्ता थेट समोरच्याकडे जातो, आणि गेलेलं मेल परत येत नाही. निदान ‘ज्या पत्त्यावर मेल आलं त्याच पत्त्यावरून उत्तर द्या’ हा पर्याय तिथेच चालू करून ठेवा. तो मुळात बंद असतो.

सिम्पललॉगिनचा अलायस याच ठिकाणी जोडू पाहणारेही बरेच असतात. ते होत नाही, कारण सिम्पललॉगिन एसएमटीपी देतच नाही. मग काही जण जीमेलचाच सर्व्हर आणि 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घालून वेळ मारून नेतात. असं करू नका. पत्ता एका डोमेनचा आणि पाठवणारा सर्व्हर गूगलचा, अशी विसंगती झाली की डीमार्कची, म्हणजे प्रेषकाचा पत्ता खरा आहे का याची, तपासणी नापास होते, मेल स्पॅममध्ये पडतं आणि हेडरमध्ये मूळ जीमेल पत्ता राहून जाण्याचा धोका वेगळाच.

जीमेलचं अधिकचं चिन्ह, म्हणजे नाव+दुकान@जीमेल.कॉम, हा गाळणीपुरता उपाय आहे. लपवण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. अधिकच्या पुढचं खोडलं की खरा पत्ता हातात येतो, आणि कित्येक फॉर्म ते चिन्ह स्वीकारतच नाहीत.

आता जिथे सिम्पललॉगिन तुम्हाला वाचवू शकत नाही, ती ठिकाणं. पहिलं आणि सर्वांत घातक म्हणजे ‘सीसी’. आलेल्या मेलमधल्या सीसीतल्या माणसांचे पत्ते सेवा आपोआप रिव्हर्स-अलायसमध्ये बदलून देते, त्यामुळे ‘रिप्लाय ऑल’ सुरक्षित असतं. पण उत्तर देताना तुम्ही स्वतःहून एखाद्याचा साधा पत्ता सीसीत घातलात, तर त्या माणसाची प्रत सिम्पललॉगिनकडून जातच नाही. ती जीमेलमधून सरळ निघते, तुमच्या खऱ्या पत्त्यासह. मालकाला उत्तर देताना एजंटला सीसी करणं किती सहज घडतं ते पाहा. नवा माणूस आणायचा तर आधी त्याचा रिव्हर्स-अलायस तयार करायचा, मग तो सीसीत घालायचा. याला दुसरा मार्ग नाही.

दुसरं, सही. जीमेलमध्ये आपोआप लागणाऱ्या सहीत नाव, मोबाइल, कंपनी असेल तर ती जशीच्या तशी पुढे जाते. जीमेलमध्ये एकाहून जास्त सह्या ठेवता येतात. एक रिकामी ठेवा आणि नव्या मेलसाठी व उत्तरासाठी तीच निवडा.

तिसरं, मोठ्या फाइल. 25 एमबीच्या वर गेलं की जीमेल अ‍ॅटॅचमेंटऐवजी ड्राइव्हची लिंक घालतं. लिंक उघडणाऱ्याला फाइलचा मालक दिसू शकतो, म्हणजे पुन्हा तुम्ही. फाइल लहान करून जोडा. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव आणि फोटोमध्ये कॅमेऱ्यानं नोंदवलेलं ठिकाणही असू शकतं. अलायस फाइलच्या आत शिरून काही पुसत नाही. कॅलेंडरच्या आमंत्रणावर जीमेलमधूनच ‘येस’ दाबणंही टाळा, ते उत्तर गूगल खात्यातून जातं. वेळ पक्की आहे एवढं मेलमध्ये लिहा.

भाडेकरार करताना मालकाला आधार-पॅन द्यावं लागतं, तेव्हा नाव झाकण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही अलायसचा फायदा राहतो: तो पत्ता दहा एजंटांच्या यादीत गेला तर घर मिळाल्यावर एक बटण बंद करायचं. विवाहसंस्थांना आणि संकेतस्थळांवरच्या स्थळांना लिहितानाही हेच लागू. तिथे पत्ता वर्षानुवर्षं फिरत राहतो. बंद करणं आणि डिलीट करणं यात मात्र फरक आहे. बंद केलेला अलायस हवा तेव्हा चालू करता येतो. डिलीट करायची घाई करू नका, सामायिक डोमेनवर तोच पत्ता पुन्हा मिळेल असं धरून चालू नये.

स्वतःचं डोमेन जोडणं ही सशुल्क योजनेतली सर्वांत कामाची सोय आहे. त्यांच्या सामायिक डोमेनचे पत्ते काही संकेतस्थळं ‘तात्पुरता ईमेल’ म्हणून नाकारतात. स्वतःच्या डोमेनला ती अडचण सहसा येत नाही. नोंदी मोजक्याच आहेत: डोमेन तुमचंच आहे हे दाखवणारी एक टीएक्सटी, येणारं मेल कुठे जावं ते सांगणाऱ्या दोन एमएक्स, कोणत्या सर्व्हरनं मेल पाठवावं ते सांगणारी एक एसपीएफ, मेलवरच्या डिजिटल सहीचे म्हणजे डीकेआयएमचे तीन सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) आणि एक डीमार्क. सेवेच्या पानावरून कॉपी करून डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या यादीत, टाकायच्या. अडतं ते बहुधा तीन जागी. आधीपासून दुसरी एसपीएफ नोंद असताना नवी वेगळी टाकली तर दोन्ही निकामी होतात. एका डोमेनला एकच एसपीएफ हवी, तिच्यातच ‘इनक्लूड’ वाढवायचं. काही डीएनएस पॅनेल नावापुढे डोमेन आपोआप जोडतात, त्यामुळे पूर्ण नाव टाकलं की डोमेन दोनदा येतं आणि डीकेआयएम सापडत नाही. आणि डीएनएस सांभाळणारी क्लाउडफ्लेअर ही सेवा वापरत असाल तर त्या सीनेमपुढचा नारिंगी ढग राखाडी करा, म्हणजे त्यांची मधली प्रॉक्सी बंद करा, प्रॉक्सीतून ही नोंद चालत नाही.

क्लाउडफ्लेअरच्या ईमेल रूटिंगनं हे काम फुकट होईल असं पुष्कळांना वाटतं. ती सोय आलेलं मेल तुमच्या इनबॉक्सकडे वळवते. तुमच्या जीमेलमधून त्या पत्त्यानं उत्तर द्यायचं म्हटलं की पुन्हा वरच्याच एसएमटीपीच्या घोळात शिरावं लागतं.

सगळं जमलं की नाही हे अंदाजावर सोडू नका. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या दुसऱ्या जीमेल खात्यासाठी रिव्हर्स-अलायस तयार करून त्यावर मेल पाठवा. संगणकावर ते मेल उघडून तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कपुढे ‘पास’ हवं. मग खालच्या कच्च्या मजकुरात तुमचा खरा पत्ता आणि आडनाव शोधा. एकदाही सापडता कामा नये. सापडलं तर ते बहुधा सहीतच असतं.

इतर पर्यायांपैकी फायरफॉक्स रिलेमध्ये मोफत पाच मास्क (अलायसला तिथे दिलेलं नाव) मिळतात, पण उत्तर द्यायला पैसे मोजावे लागतात आणि स्वतःहून नवं मेल सुरू करता येत नाही, म्हणून या कामासाठी तो बाद. डकडकगोची सेवा मोफत आहे आणि मेल उघडल्याचं टिपणारे ट्रॅकरही काढते. मात्र नवं मेल पाठवताना समोरच्याचा पत्ता हातानं विशिष्ट साच्यात लिहावा लागतो आणि एक अक्षर चुकलं की मेल जात नाही. आयफोनवाल्यांकडे अ‍ॅपलची सशुल्क आयक्लाउड प्लस सेवा असेल तर ‘हाइड माय ईमेल’ वापरायला सर्वांत सोपं: मेल अ‍ॅपच्या ‘फ्रॉम’मध्येच तो पर्याय येतो. पण ते अ‍ॅपलच्या कुंपणातच राहतं. आउटलुक.कॉमचे अलायस खरोखर वेगळे पत्ते असतात, दहाची मर्यादा आहे, आणि प्रत्येक अलायसनं खात्यात लॉगिन करता येतं. ते ‘साइन-इन प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन बंद केलंच पाहिजे, नाहीतर लोकांना दिलेला पत्ता हाच तुमचं लॉगिन होऊन बसतो.

सिम्पललॉगिनच्या तक्रारी खऱ्या आहेत. रिव्हर्स-अलायस दिसायला बोजड आहे आणि जीमेल तो संपर्कांत साठवून ठेवतं, त्यामुळे एकाच माणसाचे तीन पत्ते सुचवायला लागतं. तुमचा इनबॉक्स मेल परत पाठवायला लागला, समजा जीमेलची 15 जीबी जागा भरली, तर वारंवार बाउन्स झालेला अलायस सेवा आपोआप बंद करते. सूचना येते, पण भरलेल्या इनबॉक्समध्ये ती तरी कुठून दिसणार? म्हणून बँक, आयकर, डिजिलॉकर यांना खरा पत्ताच द्या. तिथे मधे आणखी एक सर्व्हर नको. पैसे डॉलरमध्ये, वर्षाला तीस ते चाळीसच्या दरम्यान. त्यासाठी कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावे लागतात, आपल्याकडे ते सहसा बंद असतात.

वर्गणी थांबवली तरी आधी केलेले अलायस चालू राहतात, मोफत योजनेच्या दहांच्या वर नवे मात्र काढता येत नाहीत. सेटिंग्जमधून अलायसची यादी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवून ठेवता येते. डोमेन तुमचं असेल तर एमएक्स नोंदी दुसऱ्या सेवेकडे वळवून हेच पत्ते सोबत नेता येतात; त्यांच्या सामायिक डोमेनवरचे पत्ते मात्र तिथेच राहतात, म्हणून दीर्घकाळ टिकवायचा पत्ता पहिल्यापासून स्वतःच्या डोमेनवर काढा.