क्लायंटशी बोलणं: व्हॉट्सअ‍ॅपवर की ईमेलवर?

व्हॉट्सअ‍ॅपवर काम पटकन मिळतं, हे खरंच. पण रात्री साडेअकराला 'जरा दोन ओळी बदला ना' येतं, निळी टिक दिसली की उत्तर देणं भाग पडतं, आणि दोनाच्या वीस ओळी कधी झाल्या कळत नाही. ईमेल रुक्ष वाटतो. पण शब्दसंख्या, दर, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, सगळं एका जागी सापडतं. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम व्यवसायांची सरकारी नोंदणी) असेल तर हे लेखी असणं आणखी कामाचं: २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार पैसे देण्याची लेखी मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. थकलेल्या बिलाची आठवण मी ईमेलवरच करते, बिल पुन्हा जोडून. (फोनवर माझा आवाज चढतो.) व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त एवढंच: 'मेल पाठवलाय, बघाल का?'